रियुनियन : आपल्या कातळाच्या उगमापाशी

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला सुमारे सातशे किलोमीटरवर, अडीच हजार चौरस किलोमीटरचे रियुनियन नावाचे एक बेट आहे. १९४६ पासून ते फ्रान्सचा सागरपार प्रांत आहे. तिथे युरो चालतो, रस्त्यांवरच्या पाट्या फ्रेंच आहेत आणि घरोघरी क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली स्थानिक बोली बोलली जाते. आपल्याकडचे प्रवासी सहसा शेजारच्या मॉरिशसला जाऊन समुद्रकिनारा पाहून परत येतात आणि या बेटाचे नावही अनेकांच्या कानावरून गेलेले नसते. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सह्याद्रीत थोडीफार भटकंती केलेल्या माणसाला ज्या बेटावर सर्वाधिक ओळखीचे काही भेटावे, ते बेट हेच आहे.

त्यामागचे कारण भूशास्त्रीय आहे. पृथ्वीच्या प्रावरणातून तप्त खडकाचा एक प्रवाह फार दीर्घ काळ वर येत आहे. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असताना सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या तप्तस्थळावर आला. तेव्हा जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे थरावर थर पसरत गेले आणि दख्खनचे पठार घडले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, सह्याद्रीच्या भागात काही ठिकाणी दोन किलोमीटरहून अधिक जाड आहे. भूखंड पुढे सरकला, तप्तस्थळ मागे राहिले आणि त्याच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या खालची सागरी पर्वतरांग, मग मॉरिशस आणि शेवटी रियुनियन अशी ज्वालामुखींची माळ तयार झाली. तपशिलांबाबत अभ्यासकांमध्ये अजून मतभेद आहेत, परंतु हा मुख्य संबंध बहुतेक भूशास्त्रज्ञ मान्य करतात. म्हणजे राजगडाच्या बालेकिल्ल्यावर आपण ज्या कातळाला हात लावतो, त्या कातळाचा झरा आज रियुनियनच्या खाली वाहतो आहे, आणि तो आटलेला नाही.

बेटावर दोन मोठे ज्वालामुखी आहेत. वायव्येकडचा पितों दे नेज ३,०७० मीटर उंच असून हिंदी महासागरातील ते सर्वोच्च शिखर मानले जाते. त्याचा शेवटचा उद्रेक सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी झाला आणि तेव्हापासून तो शांत आहे. आग्नेयेकडचा पितों द ला फुर्नेज २,६३२ मीटर उंच आहे, वयाने बराच लहान म्हणजे सुमारे पाच लाख वर्षांचा आहे आणि जगातील सर्वांत सक्रिय ज्वालामुखींपैकी एक आहे. सतराव्या शतकापासून त्याच्या दीडशेहून अधिक उद्रेकांची नोंद झालेली आहे. सरासरी काढली तर गेल्या काही दशकांत वर्षाला साधारण एक उद्रेक पडतो, पण सरासरीवर विसंबून प्रवास आखता येत नाही: १९९२ ते १९९८ अशी सलग काही वर्षे हाच ज्वालामुखी पूर्ण गप्प होता, आणि कधी कधी एकाच वर्षात तो तीन-चार वेळा जागा होतो.

आम्ही गेलो तेव्हा तो शांत होता. निघण्यापूर्वी अनेकांनी विचारले की लाव्हा दिसणार नसेल तर एवढ्या लांब जाऊन काय पाहणार? बेट पाहून आल्यावर माझे मत असे झाले आहे की शांत ज्वालामुखी अधिक काही दाखवतो. उद्रेकाच्या काळात माणसाची नजर लाल रेषेवरून हलत नाही आणि जवळ जाण्याची परवानगीही नसते. शांततेच्या काळात मात्र त्याच लाव्हावरून चालता येते, खाली बसून त्याचा पोत पाहता येतो, आणि एका दगडाचे वय दुसऱ्याशी ताडून पाहता येते.

ज्वालामुखीकडे जाणारा रस्ता बूर-म्युरा या गावातून फुटतो. आधी प्लेन दे काफ्रची कुरणे लागतात, हिरवीगार, गाई चरत असलेली आणि बहुधा धुक्यात बुडालेली. पुढे उंची वाढते, झाडे खुजी होत जातात, आणि एका वळणानंतर रस्ता कड्याच्या टोकावर येतो व समोर प्लेन दे साब्ल उघडते. ज्वालामुखीच्या राखेचे आणि बारीक खडीचे हे पठार तपकिरी आणि जांभळट रंगाचे आहे, त्यावर गवताची काडीसुद्धा क्वचितच दिसते, आणि डांबरी रस्ता संपून कच्चा रस्ता त्याच्या मधून जातो. आम्ही गाडी कड्यावरच थांबवली होती. पाच मिनिटांपूर्वी जिथे झुडपे आणि पक्षी होते तिथून इतक्या थोड्या अंतरावर जीवसृष्टीची एवढी अनुपस्थिती मी याआधी पाहिली नव्हती.

हा कच्चा रस्ता पा द बेलकोंब येथे संपतो, २,३११ मीटर उंचीवर. पायाखाली सरळ तुटलेला कडा आणि त्याच्या तळाशी ऑक्लो फूके नावाचा घोड्याच्या नालाच्या आकाराचा प्रचंड खळगा आहे, जो पूर्वेला समुद्राच्या दिशेने उघडा आहे. ज्वालामुखीचा जुना माथा खचून हा खळगा तयार झाला आणि आजचा शंकू त्याच्या पोटात उभा राहिला. बहुतांश उद्रेक या खळग्याच्या आतच होतात, लाव्हा पूर्वेकडच्या निर्मनुष्य उतारावरून समुद्राकडे जातो, आणि म्हणूनच इतक्या चपळ ज्वालामुखीच्या शेजारी लाखो माणसे निर्धास्त राहू शकतात. त्याचा लाव्हा हवाई बेटांप्रमाणेच पातळ बेसाल्टचा असतो. त्यात सिलिका या रस घट्ट करणाऱ्या घटकाचे प्रमाण कमी असल्याने वायू सहज सुटतो, दाब साठत नाही आणि डोंगर फुटण्याऐवजी भेगेतून रस वाहू लागतो.

कड्यातील पाचशेहून अधिक पायऱ्या उतरून तळाशी गेले की प्रथम फोर्मिका लेओ लागतो. १७५३ साली जन्मलेला हा छोटा शंकू आहे; उंचीने एखाद्या टेकाडापेक्षा मोठा नाही, पण भोवतालच्या काळ्या पसाऱ्यात त्याचा विटकरी रंग दुरूनच उठून दिसतो. तप्त खडीतील लोह हवेशी संयोग पावून गंजते, त्याचा हा रंग. तिथून पुढे वाट म्हणून वेगळी अशी काही नाही: खडकांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेले आहेत आणि एका ठिपक्यावरून पुढचा हेरत चालायचे असते. धुके उतरले की हे ठिपकेच एकमेव आधार असतात, त्यामुळे ‘थोडे बाजूला जाऊन पाहू’ हा मोह इथे कठोरपणे टाळावा.

त्या वाटेवर मी सर्वाधिक वेळ खाली बघत चालले. काही ठिकाणी लाव्हाचा पृष्ठभाग गुळगुळीत असून त्यावर दोरांसारख्या वळ्या उमटलेल्या आहेत. तापलेल्या दुधावरची साय सरकवली की तिला जशा सुरकुत्या पडतात, तशाच. वरचा थर निवून लवचीक झाला, खालचा रस वाहत राहिला आणि त्याने वरच्या थराला पुढे ओढत दुमडले, इतकी सरळ ही क्रिया आहे. दहा पावलांवर तोच लाव्हा खडबडीत, धारदार ढेकळांचा होतो; तिथे तोल गेला तर तळहात सोलून निघतो, म्हणून अनुभवी लोक हातमोजे घालतात. एका दगडाच्या ताज्या तुटलेल्या कडेला मी अगदी डोळा लावून पाहिले. काळ्या पोतात मोहरीएवढे पारदर्शक हिरवट दाणे चमकत होते. ते ऑलिव्हिन हे खनिज. शिलारस अजून जमिनीच्या पोटात असतानाच त्याचे स्फटिक धरू लागतात आणि रसाबरोबर वर येतात. त्याच दगडात वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेली असंख्य छिद्रेही होती, आणि ती सगळी रिकामी होती.

ही रिकामी छिद्रे पाहून मी खरोखर थांबले. आपल्याकडच्या बेसाल्टमध्येही अशीच छिद्रे असतात, परंतु ती बहुधा भरलेली असतात. लाव्हाच्या थरांतून दीर्घ काळ झिरपलेल्या पाण्याने तिथे झिओलाइट या खनिजांचे, गारगोटीचे स्फटिक वाढवले, आणि महाराष्ट्रातील हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. हिरवे ऑलिव्हिनही आपल्या खडकात फारसे ताजे राहिलेले नाही. कोट्यवधी वर्षांच्या पाण्याने ते बदलून गेले आहे. दोन्हीकडचा खडक मुळात एकाच प्रकारचा आहे. एक काल गोठला आणि दुसऱ्यावरून साडेसहा कोटी पावसाळे गेले, एवढाच फरक आहे, आणि तो फरक रिकाम्या व भरलेल्या छिद्रांत हाताने तपासता येतो.

माथ्यावरचे दोलोमिउ विवर पाहायला जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतात. एप्रिल २००७ मध्ये इथे एक विलक्षण घटना घडली. खळग्याच्या खालच्या भागात, समुद्रापासून फार दूर नसलेल्या एका भेगेतून एवढा लाव्हा बाहेर पडला की माथ्याखालचे शिलारसाचे कोठार रिकामे होऊ लागले आणि आधार गेल्याने सुमारे एक किलोमीटर रुंदीच्या विवराचा तळ काही दिवसांतच तीनशे मीटरहून अधिक खचला. गेल्या शतकभरातील या ज्वालामुखीच्या सर्वांत मोठ्या उद्रेकांमध्ये त्याची गणना होते. आज विवराच्या काठावरून आत पाहिले की भिंतींवर लाव्हाचे थर एकावर एक रचलेले स्वच्छ दिसतात आणि तळाशी कुठेतरी वाफेची एखादी पांढरी रेघ उठत असते. काठ ठिसूळ असल्याने ठरवून दिलेल्या जागेपलीकडे जाण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

त्या २००७ च्या लाव्हाचे दुसरे टोक पाहण्यासाठी बेटाला वळसा घालून आग्नेय किनाऱ्यावर जावे लागते. सँत-रोझ आणि सँ-फिलिप यांना जोडणारा महामार्ग ग्राँ ब्रुले या उतारावरून जातो आणि लाव्हाचे प्रवाह तो पुन्हा पुन्हा गिळतात. दर वेळी लाव्हा पुरेसा निवला की त्याच्यावरूनच नवा रस्ता बांधला जातो. रस्त्याच्या कडेला प्रत्येक प्रवाहाच्या सालाची पाटी लावलेली आहे. एका पाटीपासून दुसऱ्या पाटीपर्यंत चालत जाणे हा या बेटावरचा माझा सर्वांत आवडता अनुभव आहे आणि त्यासाठी डोंगर चढण्याचीही गरज नाही. अलीकडच्या प्रवाहावर फक्त काळा दगड दिसतो. त्याहून जुन्यावर राखाडी-पांढरे दगडफूल पसरलेले असते, इतके दाट की दुरून तिथे राख सांडल्यासारखे वाटते. आणखी जुन्या प्रवाहावर भेगाभेगांतून नेचे डोके वर काढतात, मग झुडपे, आणि ज्या प्रवाहावर शतके लोटली आहेत तिथे घनदाट अरण्य उभे आहे. पाऊस भरपूर असल्याने हे सर्व फार वेगाने घडते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ज्याला क्रमाक्रमाने होणारे वसाहतीकरण म्हणतात, ते इथे रस्त्याच्या कडेने ओळीने मांडून ठेवले आहे.

सँ-फिलिपच्या अलीकडे त्रांब्लेजवळ २००७ च्या लाव्हाने समुद्रात नवी जमीन घातली आणि तिच्या बाजूला लाटांनी दगड कुटून एक पुळण तयार केली. वाळू काळी आहे, आणि ओंजळीत घेऊन उन्हात धरली तर तिच्यात ऑलिव्हिनचे तेच हिरवे कण दिसतात. लाटा मात्र अतिशय उग्र आहेत. पाण्यात उतरण्याची ही जागा नाही.

पितों सँत-रोझ येथील चर्चविषयी सर्व प्रवासी बोलतात, म्हणून थोडक्यात सांगते. एप्रिल १९७७ मध्ये नेहमीचा खळगा सोडून बाहेर उद्रेक झाला, लाव्हा गावात शिरला, बरीच घरे गेली. लोकांना आधीच हलवलेले असल्याने जीवितहानी झाली नाही. चर्चपाशी प्रवाह दुभंगला, दारातून थोडा आत शिरला आणि थांबला. आज तो दगड दोन्ही बाजूंनी चर्चला खेटून उभा आहे. श्रद्धाळूंना त्यात कृपा दिसते. मला त्याहून महत्त्वाचे हे वाटते की या उद्रेकानंतर ज्वालामुखीवर कायम लक्ष ठेवण्याची गरज सर्वांना पटली आणि १९७९ मध्ये बूर-म्युरा येथे वेधशाळा सुरू झाली. भूकंपमापके आणि जमिनीची सूक्ष्म फुगवट मोजणारी उपकरणे डोंगरभर पेरलेली आहेत, आणि उद्रेकाआधी शिलारस वर सरकू लागला की होणाऱ्या बारीक भूकंपांच्या मालिकेवरून बऱ्याचदा काही तास आधी इशारा देता येतो. वेधशाळेजवळच ज्वालामुखीचे संग्रहालय आहे. ते डोंगरावर जाण्याआधी पाहावे, कारण नंतर तिथे पाहिलेली प्रत्येक गोष्ट प्रत्यक्षात ओळखता येते.

बेटाचा दुसरा अर्धा भाग पाण्याने घडवलेला आहे. शांत झालेल्या पितों दे नेजच्या भोवती माफात, सालाझी आणि सिलाओस हे तीन अतिविशाल खळगे आहेत. डोंगराचे भाग खचत गेले आणि पावसाने त्यांना कोरत नेले. आज त्यांच्या भिंती कित्येक ठिकाणी हजार मीटरपर्यंत सरळ उभ्या आहेत. हे कडे, सुळके आणि खळगे २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि त्या क्षेत्राने बेटाचा सुमारे चाळीस टक्के भाग व्यापला आहे. पावसाची इथली ताकद आकड्यांशिवाय समजणार नाही. जानेवारी १९६६ मध्ये एका चक्रीवादळात फोक-फोक येथे चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला आणि तो आजही जागतिक विक्रम आहे. २००७ मध्ये कोमेर्सों विवराजवळ तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पडला, तोही विक्रमच. पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे डोंगराला अडतात आणि त्या अंगाला वर्षाला दहा मीटरच्या आसपास पाऊस टाकतात. पश्चिम किनारा मात्र कोरडा राहतो. घाटमाथा आणि त्यापलीकडचा पर्जन्यछायेचा प्रदेश ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

माफातमध्ये गाडीरस्ता नाही. पायी जायचे किंवा हेलिकॉप्टरने, तिसरा मार्ग उपलब्ध नाही, आणि तिथे राहणाऱ्या काही शे माणसांचे सामानसुमानही हेलिकॉप्टरनेच उतरते. या दुर्गमतेला इतिहास आहे. उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी या खळग्यांत आश्रय घेतला आणि इथल्या कित्येक शिखरांना व जागांना त्यांचीच नावे आहेत. २० डिसेंबर १८४८ रोजी गुलामगिरी संपली. त्यानंतर मळ्यांसाठी मोठ्या संख्येने भारतातून, मुख्यतः तमिळ प्रदेशातून, करारबद्ध मजूर आणले गेले, आणि त्यांच्या वंशजांची रंगीबेरंगी मंदिरे आज पूर्व किनाऱ्यावर जागोजाग दिसतात. निसर्ग पाहायला आलेल्या माणसाने हे लक्षात ठेवावे असे मला वाटते, कारण ज्या कड्यांकडे आपण सौंदर्य म्हणून पाहतो ते कोणासाठी तरी तटबंदी होते.

माइदो येथून, २,२०० मीटर उंचीवरून, माफातचे सर्वांत चांगले दर्शन होते. हेलिकॉप्टरच्या फेरीपेक्षा हे मला कितीतरी सरस वाटले, कारण इथे घाई नसते. पहाटेच्या उन्हात समोरच्या भिंतीवर लाव्हाचे आडवे थर एकेक करून उजळतात: टणक थराचा उभा कडा, मऊ थराची उतरती पट्टी, पुन्हा कडा. कोकणकड्यावर उभे राहून खाली पाहिलेल्या कोणालाही हा आराखडा तोंडपाठ असतो.

सिलाओसला गाडीने जाता येते, चारशेहून अधिक वळणांच्या रस्त्याने, आणि तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून लक्षात येते की पितों दे नेजच्या पोटात अजून थोडी ऊब शिल्लक आहे. सालाझी तिघांमध्ये सर्वांत ओले आणि हिरवे आहे. भिंतींवरून इतके धबधबे उतरतात की नावे लक्षात ठेवण्याचा प्रयत्न मी सोडून दिला. तिथून जवळ बेलूवच्या अरण्यात वृक्षनेचे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच वाढतात, वाकड्यातिकड्या उंचावरील बाभळींवर शेवाळ लोंबत असते आणि ‘तेक-तेक’ नावाचा चिमुकला पक्षी वाटेवरून आपल्यापुढे काही पावलांवर उडत-बसत चालतो. तो या बेटाखेरीज जगात कुठेही आढळत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळांनी अडवलेले उथळ, निवळशंख पाणी आहे आणि त्यात पोहणे सुरक्षित आहे. त्याबाहेरच्या समुद्रात मात्र शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून पोहण्यावर कडक निर्बंध आले, तेव्हा पाटी वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नये. जून ते ऑक्टोबर या काळात कुबड असलेले देवमासे पिलांसह किनाऱ्याजवळ येतात आणि नशीब असेल तर रस्त्यावरूनही दिसतात.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. मे ते नोव्हेंबर हा कोरडा आणि थंड काळ सर्वांत सोयीचा. जानेवारी-फेब्रुवारी चक्रीवादळांचे महिने आहेत. रियुनियन फ्रान्सचे असले तरी युरोपातील सामायिक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात येत नाही, त्यामुळे व्हिसाचे सध्याचे नियम आधी नीट तपासून घ्यावेत. माफातमधील मुक्कामाच्या झोपड्या थोड्या असतात, म्हणून जागा बऱ्याच आधी राखून ठेवाव्यात. ज्वालामुखीवर रात्रीचे तापमान शून्याच्या जवळ जाते, तेव्हा उष्णकटिबंधातले बेट म्हणून गरम कपडे घरी ठेवू नयेत. उद्रेकाची चाहूल लागली की प्रशासन ऑक्लो फूकेचे दार तत्काळ बंद करते. अशा वेळी बहुधा कड्यावरून पितों द बेरकडे जाणारी वाट खुली ठेवली जाते आणि तिथून सुरक्षित अंतरावरून लाव्हा पाहता येतो. उद्रेक असो वा नसो, नऊ-दहाच्या सुमारास खालून ढग चढू लागतात आणि बघता बघता सगळा डोंगर झाकून टाकतात, म्हणून बूर-म्युराजवळ मुक्काम करावा, अंधारात निघावे आणि सूर्योदयाला बेलकोंबच्या कड्यावर हजर असावे.